6डी नंतर काय? कॅनन आर6 मार्क टू की सोनी ए7 फोर : खरेदीआधीच्या प्रकल्प नोंदी

18 नोव्हेंबर 2024

मी बेळगावात लग्नांचे फोटो काढतो. तुळशीचं लग्न लागलं आणि लग्नांच्या तारखा सुरू झाल्या. आता डिसेंबरच्या मध्यापर्यंत पळापळ, मग धनुर्मासात शांतता, संक्रांत झाली की पुन्हा पळापळ. कॅमेरा बदलायचा तर धनुर्मासातच ठरवायचा. त्याआधी लग्नातच चाचणी घ्यायची, कारण दुकानाच्या काउंटरवर सगळेच कॅमेरे गुणी असतात.

आत्ता हातात कॅनन 6डी आहे. 2012 चं मॉडेल, 20 मेगापिक्सेल. फोकसचे बिंदू अकरा, त्यात भरवशाचा मधला एकच. त्या एकावर धरायचं, मग चौकट हलवायची, अशी वर्षं काढली. फोटो अजूनही छान येतात, तक्रार तिथे नाही. शटर एक लाखापर्यंतचं सांगितलेलं असतं, माझ्याने तो आकडा केव्हाच ओलांडलाय. आणि कार्डाचा खाचा एकच. कुणाचं अख्खं लग्न एका कार्डावर ठेवून रात्री घरी येताना पोटात गोळा असतो, तो आता नको.

लेन्स सगळ्या ईएफ, म्हणजे कॅननच्या जुन्या जोडणीच्या : 24-105 एफ/4, 70-200 एफ/2.8 (दुसरी आवृत्ती) आणि 85 एफ/1.8. फ्लॅशचा ट्रिगर कॅननचा. ही यादी इथे मुद्दाम लिहितोय, पुढे तीच महत्त्वाची ठरणार आहे असं वाटतंय.

दोनच नावं ठेवली आहेत, कॅनन आर6 मार्क टू आणि सोनी ए7 फोर. निकॉनचा झेड6 थ्री यंदा जूनमध्ये आला, कागदावर उत्तम आहे. पण माझ्याकडे निकॉनची साधी टोपीसुद्धा नाही, आणि ऐनवेळी लेन्स उसनी मागावी असा निकॉनवाला मित्रही गावात नाही. शहापूर-टिळकवाडीकडचे माझ्या ओळखीतले निम्मे लग्नवाले सोनीवर गेलेत. हेही एक कारण असतं, कोणी लिहीत नाही एवढंच.

21 नोव्हेंबर

दोन्ही बॉडी हातात घेऊन पाहिल्या. वजनाचा फरक नाहीच म्हणा : बॅटरी-कार्डासकट सोनी साधारण 660 ग्रॅम, कॅनन 670. फरक पकडीत आहे. माझा पंजा मोठा, सोनीवर करंगळी खाली लोंबकळते. कॅननची मूठ भरते. भाच्याचं उलट, त्याला सोनी बरा वाटला. म्हणजे यातून निष्कर्ष शून्य, ज्याच्या त्याच्या हाताने ठरवायचं.

आर6 मार्क टू मध्ये चालू-बंदचं बटण उजव्या अंगठ्याजवळ आहे आणि डावीकडे जिथे पूर्वीच्या आर6 ला ते होतं, तिथे फोटो-व्हिडिओचा खटका. जुन्या आर6 वरून येणारा पहिले काही दिवस कॅमेरा बंद करायला जाईल आणि व्हिडिओत शिरेल. मी 6डी वरून येतोय. 6डी चं बटणही डावीकडेच, त्यामुळे मीही त्यातलाच.

29 नोव्हेंबर

एका मित्राचा ए7 फोर एका संध्याकाळपुरता मिळाला, वडगावातली हळद. अंगणात पिवळा बल्ब, वर निळी ताडपत्री, म्हणजे रंगांचा आधीच बट्ट्याबोळ. कॅमेऱ्याने त्यातूनही चेहरे सोडले नाहीत. हळद लावणाऱ्या बायकांचे हात मध्ये येत होते, तरी फोकसचा चौकोन नवरीच्या डोळ्यावरून हलला नाही. 6डी वाल्याला हे बघून जरा राग येतो, इतकी वर्षं आपण काय करत होतो म्हणून.

दुखलं ते घरी आल्यावर. 33 मेगापिक्सेलची फाइल : दाब न देता रॉ (कॅमेऱ्याची कच्ची फाइल) घेतली तर एक फोटो 70 एमबीच्या आसपास, लॉसलेस कॉम्प्रेस्डमध्ये (काही न गमावता दाबलेली) साधारण 40. माझा लॅपटॉप जुना. 6डी ची फाइल जिथे चटकन उघडते, तिथे ही उघडताना पंखा गिरणीसारखा सुरू होतो. रात्री अकराला कॉपी करायला लावलं, निवड दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चालली. एका लग्नाचे तीन हजार फोटो धरले तर लॉसलेसमध्ये सुमारे 120 जीबी. कॅननची रॉ साधारण 27 एमबी, म्हणजे तेवढ्याच फोटोंना 80 जीबी, आणि तिची छोटी सी-रॉ घेतली तर त्याच्याही जवळपास निम्मं. बॉडीच्या किमतीत हार्ड डिस्क आणि लॅपटॉपची रॅमसुद्धा धरायची, हे आजच वहीत टाकून ठेवतो.

सोनीचं आणखी एक : रॉ घेताना दहा फोटो सेकंदाला हा वेग फक्त साध्या, थोडा तपशील गमावणाऱ्या कॉम्प्रेस्ड रॉवर मिळतो. लॉसलेस लावलं की सहाच्या आसपास येतो. लग्नात सहा पुष्कळ झाले. कुस्ती टिपणाऱ्याने मात्र हे आधी वाचावं.

7 डिसेंबर

कोल्हापूरहून दोन्ही बॉडी शनिवार-रविवारसाठी भाड्याने आणल्या. दोन्हींचं मिळून दिवसाला साडेतीन हजार, डिपॉझिट आणि आधारची प्रत वेगळी. सोनीबरोबर टॅमरॉन 28-75 एफ/2.8, कॅननबरोबर फक्त ईएफचा ॲडॅप्टर (जुन्या ईएफ लेन्स नव्या बॉडीला बसवणारी कडी), बाकी लेन्स माझ्याच. येताना कोगनोळीच्या टोलवर रांग लागली आणि उजेड गेला, त्यामुळे आज ठरवलेली बाहेरची चाचणी गेली. दोन दिवसांचं भाडं भरून दीड दिवस हातात.

रात्री घरातच टेबलावर दोन्हींनी एकच समई टिपली. सोनीचा फोटो शंभर टक्के मोठा केल्यावर जास्त टोकदार दिसला. भाचा लगेच, "मामा, बघ की, सोनीच घ्या." पण 33 मेगापिक्सेल आणि 24 मेगापिक्सेल शेजारी शंभर टक्क्यांवर ठेवले तर मोठं चित्र छोट्या भोकातून बघतोय एवढंच होतं. दोन्ही एकाच मापाला आणले, व्हाइट बॅलन्स आपोआपवरून काढून दोन्हीकडे 3200 केल्विन ठेवला, नॉइज रिडक्शन बंद केलं. आता भाच्याला ओळखता येईना, मलाही येईना. ज्यांना घरी तुलना करायची आहे त्यांनी या तीन गोष्टी आधी कराव्यात, नाहीतर सगळी रात्र रंगांवर भांडण्यात जाते.

8 डिसेंबर

लग्न. अक्षता दुपारी साडेबाराच्या. अनगोळकडचं कार्यालय, एका बाजूला मोठ्या खिडक्या, स्टेजवर एलईडीचे पार दिवे, मागे एलईडीची भिंत. नवरदेवाकडचे निपाणीचे, नवरीकडचे बैलहोंगलचे. फोटोला उभं करताना "इकडे बघा" झालं की लगेच कन्नडमध्ये "इल्ली नोडरी" म्हणावं लागतं, नाहीतर अर्धा स्टेज एकीकडे बघतो आणि अर्धा दुसरीकडे.

मुंडावळ्या. दोन्ही कॅमेऱ्यांची खरी परीक्षा त्यांनी घेतली. मोत्यांच्या सरी गालावरून खाली लोंबतात आणि नवरी मान हलवते तशा डोळ्यासमोरून जातात. 85 वर एफ/2 ला, म्हणजे लेन्स जवळजवळ पूर्ण उघडी असताना, फोकसची जाडी बोटभर. सरी डोळ्यापेक्षा जेमतेम दोन बोटं पुढे. मोती कोरीव आणि पापण्या विरघळलेल्या, असे फोटो 6डी वर माझे ढिगाने आहेत. आज दोन्हींनी डोळा धरला, कॅननने 85 वर आणि सोनीने 28-75 वर. चेहरा तीन चतुर्थांश वळला आणि सर बरोबर बुबुळावरून गेली, तेव्हा दोघांचाही चौकोन क्षणभर मोत्यावर गेला आणि परत आला. यात एकाला वरचढ म्हणता येणार नाही.

अक्षता पडायला लागल्या तेव्हा मात्र पहिल्या फेरीत दोन्हीकडे गडबड. समोरून तांदूळ उडतात, कॅमेऱ्याला वाटतं कोणीतरी नवीन आलं, आणि तो पुढे धावतो. इलाज मेनूत आहे. सोनीत ट्रॅकिंग सेन्सिटिव्हिटी पाचपैकी दोनवर आणली, म्हणजे मधे काही आलं तरी धरलेलं सोडू नकोस. कॅननमध्ये सर्व्हो एएफचा केस 2, त्याचा अर्थही तोच. मंगलाष्टकांचं पुढचं कडवं सुरू व्हायच्या आत एवढं बदलता आलं. पुढच्या अक्षतांना दोन्ही शांत राहिले. ही सेटिंग नवीन कॅमेऱ्यात पहिल्या दिवशीच सी1 किंवा 1 नंबरवर साठवून ठेवा.

मग भाड्याच्या ॲडॅप्टरने दगा दिला. 70-200 लावून कन्यादान टिपत होतो, एकदम फोकस मेला, लेन्स जोडलेलीच नाही अशी स्क्रीन. काढून लावलं, चाललं, पाच मिनिटांनी पुन्हा तेच. सोनी गळ्यात होता म्हणून वाचलो, पण त्यावर 28-75 च, त्यामुळे कन्यादानाचे जवळचे चेहरे राहिले. जेवणाच्या वेळी खाली बसून बघितलं तर ॲडॅप्टरच्या सोनेरी पिनांवर तेलकट थर, आणि माउंटला किंचित खेळ. कोरड्या मायक्रोफायबरने पिना पुसल्या, लेन्सच्याही पुसल्या, नंतर दिवसभर तक्रार नाही. यात कॅमेऱ्याचा दोष नाही. पण जड लेन्स आणि बॉडी यांच्यामध्ये आणखी एक सांधा येतो, तो ढिला असेल तर सगळा पसारा ढिला. ॲडॅप्टर भाड्याचा किंवा जुना कधी नको, नवाच घ्यायचा. आणि दीड किलोची लेन्स असताना बॉडी उचलायची नाही, लेन्सला धरून उचलायचं.

व्हिडिओ भाचा करतो. वरात अरुंद गल्लीतून निघाली, त्याला 4के मध्ये साठ फ्रेम हव्या होत्या, नाच संथ करून दाखवायला. ए7 फोर साठ फ्रेमला चित्र दीडपट कापतो, 28 एमएम ची जवळजवळ 42 होते. मागे सरकायला जागा कुठे? मागे डीजेची गाडी. आर6 मार्क टू साठ फ्रेमला पूर्ण रुंदी देतो. इथे भाच्याने पक्ष बदलला.

10 डिसेंबर

भाड्याच्या बॉडी काल परत जायच्या होत्या. एक दिवसाचं जास्तीचं भाडं देऊन थांबवल्या, शनिवारची हुकलेली चाचणी करायला. सकाळी किल्ल्यात कमल बस्तीला गेलो. 1204 मध्ये रट्टांच्या काळात बांधलेली जैन बस्ती, काळा दगड, मंडपाच्या छताला कोरलेलं दगडी कमळ. अंधाऱ्या मंडपातून बाहेरचं ऊन एकाच चौकटीत घेतलं तर सावल्या किती उचलता येतात ते कळतं. ट्रायपॉड नेला नाही. खांबाला टेकून, आयएसओ 100, उन्हाप्रमाणे उजेड धरला आणि घरी सावल्या चार स्टॉप वर ओढल्या, म्हणजे सोळापट उजळ केल्या.

मेकॅनिकल शटरवर (खटका होतो ते खऱ्या पडद्याचं) दोघेही चांगले, सोनी थोडा स्वच्छ. कमळाच्या पाकळ्यांमधल्या खाचा सोनीत गुळगुळीत काळ्या, कॅननमध्ये त्यात बारीक रवा. पण हा रवा बघायला नाक स्क्रीनला लावावं लागतं. कॅननला इलेक्ट्रॉनिक शटरवर (पडद्याविना, बिनआवाजाचं) टाकलं तेव्हा मात्र फरक उघड झाला, कारण त्या शटरवर रॉ 14 ऐवजी 12 बिटची होते, म्हणजे छटा कमी. सेकंदाला 40 फोटोंची जाहिरात असते ती याच शटरवर. घाईत वेग मिळतो, सावल्यांत किंमत मोजावी लागते. देवळं, वाडे टिपणाऱ्यांनी मेकॅनिकल किंवा पहिला पडदा इलेक्ट्रॉनिक हेच ठेवावं.

25 डिसेंबर

बेळगावच्या 1924 च्या काँग्रेस अधिवेशनाला शंभर वर्षं होतायत. गांधीजी अध्यक्ष झाले ते हे एकमेव अधिवेशन. त्यानिमित्त सगळं शहर दिव्यांनी भरलंय आणि रात्री चौकाचौकात माणसं मोबाईल वर करून उभी आहेत. मला यापेक्षा बरी प्रयोगशाळा मिळाली नसती. सोनी त्या मित्राचा, कॅनन दुसऱ्या ओळखीच्याचा, दोन तासांच्या बोलीवर.

आपली वीज 50 हर्ट्झची, त्यावरचे साधे दिवे सेकंदाला शंभर वेळा उजळतात-मावळतात. म्हणून 1/50 किंवा 1/100 ला चित्र स्वच्छ. 1/640 ला नेलं की आडवे पट्टे. स्वस्त एलईडी माळा आणि एलईडी भिंती त्याहून कितीतरी वेगाने लुकलुकतात, तिथे 1/100 सुद्धा दरवेळी वाचवत नाही.

मेकॅनिकल शटरवर दोन्ही कॅमेरे सारखेच वागले. दोन्हींत फ्लिकर टाळायची सोय आहे, आणि भरभर लुकलुकणाऱ्या दिव्यांसाठी शटरचा वेग अपूर्णांकात बारीक बारीक बदलता येतो. स्क्रीनवर पट्टे बघत चाक फिरवायचं, पट्टे विरले की थांबायचं. स्टेज एकदा लावलं की तोच आकडा सगळ्या संध्याकाळी चालतो.

इलेक्ट्रॉनिक शटरवर दोघांचे रस्ते वेगळे झाले. सेन्सर वरून खाली ओळीओळीने वाचला जातो. सोनीला 33 मेगापिक्सेल वाचायला बराच जास्त वेळ लागतो, म्हणून त्यात एका फोटोत अनेक अरुंद पट्टे, कॅननमध्ये एक-दोन रुंद. समोरून रिक्षा गेली, ती सोनीत अशी कलली की आता पडेल वाटावी, कॅननमध्ये थोडीशीच. मला बिनआवाजाचं शटर लागतं ते गाण्याच्या घरगुती बैठकीत, जिथे तानपुरा लागतानाच्या शांततेत खटका झाला तर माणसं मान वळवून बघतात. तिथे उजेड साध्या दिव्यांचा आणि गायक जागच्या जागी, 1/100 ला दोन्ही चालतील. लग्नात मात्र दोन्हींचं इलेक्ट्रॉनिक शटर बंद. बँड वाजत असताना शांतता हवी कुणाला?

3 जानेवारी 2025

हिशेब. आकडे मला सांगितलेल्या भावाचे, प्रत्येकाला थोडे वेगळे मिळतील.

दोन्ही बॉडी दोन लाखांच्या आगेमागे, फरक दहा हजारांच्या आत. त्यामुळे बॉडीची बॉडीशी तुलना इथेच संपली. कॅनन घेतला तर वर एक नवा ॲडॅप्टर, नऊ-दहा हजार. माझ्या 6डी च्या बॅटऱ्याही चालतात, फक्त कॅमेऱ्यात ठेवून यूएसबीने चार्ज होत नाहीत. ट्रिगर तोच.

सोनी घेतला तर टॅमरॉन 28-75 पाऊण लाखाचा, 70-180 लाखाच्या वर, ट्रिगर सोनीचा वेगळा, दोन बॅटऱ्या. माझ्या ईएफ लेन्स विकून जे येतील म्हणतात ते ऐकून विकावंसं वाटेना : 70-200 ला साठ हजार, 24-105 ला वीसच्या खाली. सगळं वजा जाता सोनीचा रस्ता मला लाख-सव्वा लाखाने महाग.

पण दुसरी बाजूही लिहितो, कारण फक्त एवढंच वाचून कोणी कॅनन उचलेल. सोनीला टॅमरॉन, सिग्मा यांच्या चांगल्या आणि परवडणाऱ्या लेन्स पडलेल्या आहेत. कॅननने आरएफ माउंटवर (आर मालिकेच्या लेन्सची जोडणी) फुल-फ्रेमसाठी, म्हणजे मोठ्या सेन्सरसाठी, इतरांच्या ऑटोफोकस लेन्सना निदान जानेवारी 2025 पर्यंत तरी दार उघडलेलं नाही. सिग्मा-टॅमरॉनच्या ज्या आल्या त्या छोट्या सेन्सरच्या. म्हणजे उद्या माझी 70-200 बसली तर आरएफची लाल पट्टीवाली, म्हणजे कॅननच्या महागड्या श्रेणीतली, लेन्स घ्यावी लागेल आणि तिची किंमत ऐकून मीच बसेन. कॅनन घेऊन माझा खर्च पुढे ढकलला जातोय, टळत नाही. गेल्या सप्टेंबरात 28-70 एफ/2.8 ची बिन-लाल आरएफ आली, 495 ग्रॅमची. थोडा दिलासा तेवढाच.

ज्याच्याकडे काहीच नाही, पहिल्यापासून सुरुवात आहे, त्याने माझ्या मते सोनी घ्यावा. ज्याचं कपाट ईएफने भरलंय त्याने नाही.

मेगापिक्सेलचा प्रश्न अल्बमवाल्याकडे जाऊन मिटवला. अल्बम 12 बाय 36 चा. एकच फोटो पूर्ण पानभर पसरला तर कॅननच्या 6000 पिक्सेलचे इंचाला 167 पडतात, सोनीच्या 7008 चे 195. दोन्ही छापून घेतले. अल्बमवाल्याने चष्मा लावून, काढून, उजेडात नेऊन बघितलं आणि विचारलं, "यात काय शोधू?" फरक पडतो तो मागच्या रांगेतल्या आजीचा चेहरा कापून मोठा करायचा असतो तेव्हा. तिथे 33 चा फायदा खरा आहे आणि मला त्याचा मोह अजून आहे.

9 जानेवारी

हा भाग सीमाभागातल्यांनी नीट वाचावा. माझा जीएसटी नंबर कर्नाटकचा. कोल्हापुरात चार हजारांनी स्वस्त मिळत होता. अकाउंटंट साहेबांना विचारलं तर म्हणाले, "बिलावर तुमचा इथला नंबर आणि आयजीएसटी, म्हणजे एका राज्यातून दुसऱ्या राज्यातल्या विक्रीचा कर, असेल तर घ्या. काउंटरवर महाराष्ट्राचा सीजीएसटी-एसजीएसटी लावून दिला तर तो तुम्हाला वळता होणार नाही." कॅमेऱ्यावर कर अठरा टक्के. दोन लाखांच्या बिलात तीस हजार कराचेच. चार हजार वाचवायला तीस घालवायचे?

कोल्हापूरच्या दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, "काउंटर सेलला आमचं सॉफ्टवेअर दुसरं काही काढतच नाही." विषय संपला.

18 जानेवारी

आर6 मार्क टू घेतला, बेळगावातच. बिलावर कर्नाटकचा नंबर, ॲडॅप्टर नवीन, 128 जीबीची दोन यूएचएस-टू कार्डं. दुकानदाराने स्क्रीन गार्ड आणि बॅग फुकट देतो म्हणून किमतीवर बोलणं टाळायचा प्रयत्न केला. बॅग नको म्हटलं, दीड हजार कमी झाले.

घरी येऊन केलेल्या सेटिंग : दोन्ही कार्डांवर एकाच वेळी लिहायचं, एकावर रॉ आणि एकावर जेपेग असं नाही, दोन्हीवर सी-रॉ. बंद करताना शटर मिटायचं, लेन्स बदलताना धूळ आत जाऊ नये म्हणून (सोनीतही ही सोय आहे, दोन्हीकडे मेनूत शोधून तपासून घ्यावी). सर्व्हो केस 2 साठवला. 85 ने भर उन्हात एफ/1.8 ला टिपायचं असेल तर पूर्ण मेकॅनिकल शटर, कारण पहिला पडदा इलेक्ट्रॉनिक असला तर 1/2000 च्या पुढे मागच्या धूसर दिव्यांचे गोल कापलेले दिसतात.

2 फेब्रुवारी

वसंत पंचमी, त्यामुळे गल्लीगल्लीत मांडव. पहिलं अख्खं लग्न नव्या बॉडीवर, 6डी दुसऱ्या खांद्यावर. अपेक्षेप्रमाणे दोनदा कॅमेरा बंद करायला गेलो आणि व्हिडिओत शिरलो. 6डी च्या जुन्या बॅटरीवर सलग फोटोंचा वेग कमी पडतो, म्हणून नव्या प्रकारची एक बॅटरी मागवली आहे. ॲडॅप्टरने दिवसभर कुरकुर केली नाही. जेवणाच्या सुट्टीत पिना पुसायची सवय मात्र ठेवली.

85 ची जुनी लेन्स या बॉडीवर वेगळीच लागते. 6डी वर एफ/2 च्या खाली जायचं धाडस होत नव्हतं, आज सगळी नवरी-विदाई 1.8 वर केली आणि टाकून द्यावे असे फोटो मोजकेच निघाले. तीन हजारांच्या आसपास फोटो, सी-रॉमध्ये 45 जीबीच्या आत. लॅपटॉपची रॅम वाढवायचं पुढच्या सीझनपर्यंत लांबणीवर टाकलंय. 6डी विकत नाही, जे येतायत त्यात चांगलं कार्डसुद्धा येणार नाही.